लाल दोऱ्याचं पान

किन्हीराजाच्या विहारात दुपारी मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग मी घेत होते. प्रशिक्षणात सांगितलं होतं, प्रत्येक प्रौढाची शिकण्याची रीत वेगळी असते. मी मान डोलावली आणि समोसा खाल्ला. वर्गात बसल्यावर कळलं, प्रकरण समोशाइतकं सोपं नाही. एकाला फक्त सही हवी होती. ती आली तसा तो वावरात पळाला. एक सून भराभर वाचायची आणि बाकीच्यांना हसायची. आणि एक आजी होत्या. त्यांना वर्षावासात ग्रंथ वाचायचा होता.

पावसाळ्यातले ते तीन महिने आमच्याकडे विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचायचे या आजींचे यजमान. गेल्या पावसाळ्यात वाचन अर्ध्यावर असताना ते वारले, आणि पुढे कोणी वाचलंच नाही. त्यांनी खुणेला ठेवलेला लाल दोरा ग्रंथात तसाच होता. आजींना तिथून पुढे वाचायचं होतं.

फळ्यावरची मुळाक्षरं त्यांच्या डोक्यात शिरेनात. वंदना मात्र तोंडपाठ. मग मी तिथूनच सुरुवात केली; त्या म्हणायच्या तो शब्द पुस्तकात दाखवायचा, त्यावर त्यांचं बोट ठेवायचं. आषाढापर्यंत आजी वाचू लागल्या.

वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी दोऱ्याचं पान वाचलं. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतरही रोज तेच.

"बुढीनं पाठ केलं हाय. वाचता कुठं येते तिले?" वर्गातली ती भराभर वाचणारी सून म्हणाली.

मला ते पटेना. मालेगावच्या स्टँडवर आजींनी एसटीची पाटी मला वाचून दाखवली होती. लोक गेल्यावर मी विचारलं, "आजी, पान काहून पलटत नाई?"

त्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. "हे पान बुढ्याच्या तोंडून आयकलं मी. पुढचं नाई आयकलं. पलटलं का बुढा इथंच राह्यते, न् मी पुढं जाते."

मला रडू आलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं. "मॅडम, तुमी पलटा. माह्यानं होत नाई."

मी पान पलटलं. आजींनी नवं पान सावकाश, एकदाही न चुकता वाचलं. सून खाली मान घालून ऐकत होती.

वाचून झाल्यावर खुणेसाठी मी लाल दोरा काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"दोरा तिथंच राहू द्या," म्हणाल्या. मग आपल्या पदराचा एक धागा तोडून त्यांनी नव्या पानात ठेवला.