फणीचे अकरा दात

उंब्रजला हायवेच्या कडेला माझं केस कापायचं दुकान आहे. तीस वर्षं डोकी भादरतोय. चाई बरी करणारा म्हणून माझं नाव पार माण तालुक्यापर्यंत गेलेलं. केस झडून डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडला की माणूस माझ्याकडं यायचा. मी लसूण ठेचून खरखरीत फडक्यानं चोळायचो. चार-सहा महिन्यांत केस यायचे आणि मी मिशीला पीळ द्यायचो.

दिवसाला वीसेक डोकी हाताखालून घालवणारा मी, घरातलं एक डोकं दोन वर्षं बघितलं नव्हतं. बायकोच्या डोक्यावर कायम पदर. एका सोमवारी, दुकान बंद होतं तेव्हा, ती न्हाऊन उन्हात केस वाळवत बसली होती. टाळूवरचा चट्टा तेव्हा दिसला.

"अगं, हे कवापासनं?"

"लय दिस झालं. खाजतंय, आग हुतीया. आवं, तुमच्या गिऱ्हाइकांचं बरं हुतंय, माझंबी हुईल की."

मी फणी आडवी लावली. चट्टा आठ दात भरला. म्हटलं, हे तर आपल्या डाव्या हाताचं काम. दोन महिने रोज लसूण चोळली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण बाई हूं की चूं करायची नाही. दोन महिन्यांनी परत फणी लावली. अकरा दात.

मला स्वतःचाच असा राग आला की लसणीची वाटी मी उकिरड्यावर भिरकावली. तिला गाडीवर बसवलं आणि तडक कराड गाठलं, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं. वाटभर हिचं चालू होतं, उगं कशाला, उगं कशाला. मी म्हटलं, "आता मागं फिरायचं न्हाई."

बाईंनी दिव्याचं भिंग टाळूला टेकवलं आणि मलाच पुढं बोलावलं. "तुम्ही रोज डोकी बघता. केस जिथून उगवतो ते छिद्र कुठं दिसतंय का सांगा." मी बघितलं. चट्टा गुळगुळीत, चकचकीत, छिद्र एक नाही. कडेच्या केसांच्या बुडाशी मात्र लाली आणि पापुद्रे.

"चाईत ही छिद्रं शाबूत राहतात, म्हणून केस परत येतात," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा काहीच न करता येतात. इथं मुळं आतून मरून व्रण झालाय."

काहीच न करता. तीस वर्षांचा मिशीचा पीळ त्या तीन शब्दांत उतरला. मी मान खाली घालून लसणीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोग आपोआपही वाढतो. पण चोळून त्याला चेतवलंत, आणि दोन महिने वाया घालवलेत."

त्यांनी कडेचा शिताएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला, टाका घातला. तपासणीतही तेच निघालं. मग टाळूत इंजेक्शनं, गोळ्या, गोळ्यांपायी डोळ्यांची तपासणी. "गेलेले केस येणार नाहीत, आहेत ते राखायचे," बाईंनी बजावलं. "मध्येच सोडू नका." त्याला आता वर्ष होऊन गेलं. ऊसतोडीच्या गर्दीत रस्ता तुंबला तरी आमची एक तारीख चुकलेली नाही.

परवा दहिवडीकडचा एक गडी चट्टा घेऊन दुकानात आला. मी भिंग लावलं, आता मीही एक आणलंय, आणि म्हटलं, "छिद्रं दिसत्यात, पर मी काय चोळनार न्हाई. कराडला जा."

"आवं, तुमच्या हातानं लय जण बरं झाल्यात म्हणं."

"आपलं आपण बरं झाल्यात ते. मी निस्ती लसूण वाया घालवली."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी बायको उंबऱ्यावर बसते, पदर मागं सारते. मी तीच फणी लावतो.

"किती?"

"अकरा."

"नीट मोजा. घरची म्हणून सूट नगं."

मी परत मोजतो. अकराच. आता बारावा होऊ द्यायचा नाही, एवढंच आम्ही दोघांनी धरलंय. त्या अकरातले तीन माझे आहेत, हे तिला ठाऊक आहे. एकदाही तिनं ते वेगळे काढून मोजले नाहीत.