न उचललेला भंडारा

देवापुढे मी कधी मोकळ्या मनाने उभा राहिलो नाही, हे आधीच सांगतो. आठवडी बाजारात दुसऱ्याच्या पाट्या उचलत मी मोठा झालो. पुढे डोंगरपट्ट्यातली सीताफळं घेऊन विकू लागलो, आणि आता दारात स्वतःची पिकअप आहे. हे सगळं कुणावर विश्वास ठेवून झालेलं नाही, न ठेवून झालं आहे. कुणी काही फुकट दिलं की मी आधी ते उलटून पाहतो. खंडोबाला नवस बोलतानाही मी घासाघीस करायचो. आधी तू दे, मग मी देतो, असा आमचा व्यवहार होता.

पिकअप जुनी. तिच्या इंजिनमधल्या पिस्टनच्या रिंगा बदलायचं काम निघालं तेव्हा ती मी कडा गावी दाजींच्या गॅरेजवर नेली. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या, एकुलत्या एक बहिणीचे मालक. आमच्याकडे कुठलाही मिस्त्री काम झालं की काढलेलं जुनं सामान पोत्यात भरून गिऱ्हाइकाला परत देतो. नवं खरंच बसवलं, त्याचा तो पुरावा असतो. दाजींनी पोतं दिलं नाही. जुन्या रिंगा कुठं आहेत विचारलं, तर म्हणाले की भंगारात गेल्या, घरच्या माणसाला काय दाखवायचं. मला ते 'घरच्या माणसाला' खटकलं. घरच्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं, हे मी बाजारात पुष्कळ पाहिलं आहे. भाच्याच्या जावळाला चार पाहुण्यांत माझ्या तोंडून निघून गेलं की दाजींनी जुन्याच रिंगा पुसून बसवल्या. दाजी ताटावरून उठले. त्या दिवसापासून मी कड्याची वाट सोडली.

काही महिन्यांनी गाडी खरंच बिघडू लागली. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची. चढाला दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी ती थांबायची, उभी असताना अंगभर थरथरायची. दोन मिस्त्र्यांना दाखवली. दोघेही म्हणाले की कॉम्प्रेशन उतरलंय, म्हणजे इंजिन हवा दाबून धरत नाही, रिंगा गेल्या असतील, खोलून पाहावं लागेल. त्यांचं 'असतील' माझ्या कानापर्यंत आलंच नाही. मी कड्याला निरोप धाडला की येत्या रविवारी माळावरच्या खंडोबाला या आणि देवासमोर भंडारा उचला.

भंडारा उचलणं म्हणजे देवापुढच्या हळदीची मूठ हातात घेऊन शपथ घेणं. कचेरीत खोटं बोलणारा माणूसही भंडारा हातात घेऊन खोटं बोलायला कचरतो. पण ज्याला उचलायला लावला, तो खरा निघाला काय नि खोटा निघाला काय, त्याच्या घरचं पाणी तुमच्यासाठी संपलं. हे मला ठाऊक होतं. बहिणीलाही ठाऊक होतं. निरोप मिळाल्यावर तिचा फोन आला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, त्यांनी भंडारा उचलला की माझं माहेर सरलं. मग तू मेला तरी मी यायची न्हाई. नीट इचार कर." आई-वडील गेल्यावर तिला मीच वाढवलेलं. तरी मी म्हणालो की शपथ ती शपथ. मनात शंका आली की हे दाजींनीच शिकवून बोलायला लावलं असेल.

रविवारी ती दोघं एसटीने फाट्यावर उतरली आणि तिथून आम्ही तिघं त्याच पिकअपमधून निघालो. मी चालवत होतो, बहीण मध्ये, दाजी खिडकीशी. माळाचा चढ लागला आणि गाडीने जीव सोडला. मागे घेत घेत पायथ्याच्या पंक्चरच्या दुकानापाशी आणून लावली. दाजी सवयीने बॉनेटकडे वळले. मी म्हणालो, "हात लावू नका. तुमी आज आरोपी हाय." ते हात मागे बांधून लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

दुकानात एक गृहस्थ मोटारसायकलची ट्यूब काढून घेत बसले होते. लग्नाला निघालेले, पांढरे कपडे, डोक्याला टोपी. बस डेपोच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. कुणाचं इंजिन कण्हताना ऐकलं की त्यांना राहवत नसावं. उठून जवळ आले, गाडी चालू करायला लावली आणि सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून पाहू लागले. पहिला सैल केला, आवाज बदलला. दुसऱ्यालाही बदलला. तिसऱ्याला काहीच फरक पडला नाही. "हे सिलिंडर मेलंय," ते म्हणाले. मी लगेच म्हणालो की रिंगा जुन्या आहेत, मला ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक हाय तर थांबले कावून? जावा की चढून."

मला राग आला, पण गरज माझी होती. दुकानदाराकडे ट्रॅक्टरच्या कामासाठी केलेली, जुन्या नोझलला नळी जोडून सिलिंडरात हवा भरायची एक वस्तू होती. ती नेमकी आमच्या इंजिनात तिसऱ्या नोझलच्या जागी बसली. एवढं जुळून कसं आलं, हा विचार तेव्हाही मनात आला, पण भक्तीने नव्हे. वाटलं, दाजींनी हे सगळं आधीच लावून ठेवलं असेल. त्या गृहस्थांनी तिसरा पिस्टन वर आणला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि हवेचा पाइप जोडायला सांगितला. मग मला म्हणाले, "तुमचा कुणावर इस्वास दिसत न्हाई. तर आता तुमीच कान लावा. आत भरलेली हवा कुठून तरी पळतीय. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरात बुडबुडे आले तर पॅकिंग. सायलेन्सरमधून आली तर वाल, म्हंजी झडप."

मी ऑइलचं झाकण काढून कान लावला. देवळात कधी इतक्या मनापासून ऐकलं नसेल. मला तिथे आवाज हवा होता, खोटं कशाला बोलू. त्या एका आवाजासाठी मी इतके महिने राग राखला होता. पण तिथे काही नव्हतं, नावापुरती झुळूक. रेडिएटर शांत. मग मातीत पालथा पडून सायलेन्सरला कान लावला, तर आतून सूं करून हवा येत होती. बहीण माझ्याकडे पाहत होती. मी अंगावरची धूळ झटकत उठलो.

वरचं झाकण खोलल्यावर दिसलं की तिसऱ्या सिलिंडरच्या एका वालच्या टॅपेटला, म्हणजे वाल दाबणाऱ्या खुंटीला, फटच उरली नव्हती, म्हणून वाल पुरता मिटत नव्हता. गृहस्थांनी विचारलं की काम झाल्यावर गाडी थोडी पळवून टॅपेट बघायला परत नेली होती का. दाजी लिंबाखालून म्हणाले, "मी बोलावलं न्हाई." त्याच क्षणी मीही म्हणालो की मी नेली नाही. दोघंही रुसून बसलो होतो, आणि मधे इंजिन बंद पडत गेलं. गृहस्थ हसले. "अजून थोडे दिवस अशी हाकली असती तर वाल जळाला असता. मग हेड उतरवावं लागलं असतं. येळेवर थांबली." त्यांनी पांढऱ्या बाह्या वर करून फट नीट केली. पुन्हा हवा सोडली, तर सायलेन्सर गप्प. गाडी चालू केली, तर चारही सिलिंडर एका लयीत.

मी खिशात हात घातला. ते नको म्हणाले. तेव्हा माझा संशय पुरता जागा झाला. गाव कोणतं, कूळ कोणतं, कड्याला कुणी पाहुणे आहेत का, दाजींना आधी कधी पाहिलं का, सगळं मी विचारून घेतलं. "काय, सोयरीक जुळवताय का?" एवढं म्हणून त्यांनी दुकानाच्या पिंपातल्या पाण्याने हात धुतले, मोटारसायकलला किक मारली आणि लग्नाला निघून गेले. पुढे मी त्यांच्या गावी चौकशीही केली. माणूस खराच निघाला. दाजींशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता.

चढ मग गाडीने एका दमात काढला. पण मी गाडी हाकत हिशेब करतच होतो. रिंगा हवा धरतात, एवढंच आज कळलं होतं. जुन्या रिंगा चांगल्या असल्या तर त्याही धरतील. त्या नव्या होत्या की जुन्या, हे तसंच राहिलं. म्हणजे भंडारा उचलायला लावण्याचं माझं कारण अजून शिल्लक होतं. देवळात पोहोचलो. गुरवांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी ताट समोर ठेवलं. मी काही बोलण्याआधी दाजी पुढे झाले. "पाव्हणं, चार लोकांत बोलला तुमी. आता मलाच उचलायचाय."

त्यांचा हात ताटावर गेला आणि मी त्यांचं मनगट धरलं. का धरलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी ठरवलं नव्हतं. माझा हात माझ्या विचाराच्या आधी गेला.

"नका उचलू," मी म्हणालो.

"मंग तुमच्या मनातलं जाईल का?"

देवासमोर खोटं बोलवेना. "जाईल का न्हाई, मला ठाव न्हाई, दाजी. पर उचलू नका. तुमी न सांगता राहू द्या. मी न विचारता राहतो."

माझ्या मुठीतला त्यांचा हात सैल पडला. गुरवांनी काही न विचारता त्याच ताटातला भंडारा आम्हा तिघांच्या कपाळी लावला. पायऱ्या उतरताना बहीण म्हणाली, "भाऊबीजेला मला न्यायला तूच यायचं, दुसऱ्याला धाडायचं न्हाई."

त्या दिवशी मला कुणाचा आवाज आला नाही की दर्शन झालं नाही. एक गाडी योग्य जागी बंद पडली, एक माणूस लग्नाच्या वाटेवर थांबला आणि एक हात वेळेवर आडवा गेला. त्यातल्या पहिल्याला योग आणि दुसऱ्याला चांगुलपणा म्हणता येईल. तिसरा, तो हात, माझा नव्हता, एवढं मी स्वतःला ओळखून सांगतो. शरण जाणं म्हणजे सगळं कळल्यावर मान तुकवणं, असं मी समजत होतो. न कळलेलं तसंच देवाच्या पायाशी ठेवून निघता येतं, हे मला त्या माळावर समजलं. रिंगांचं विचारावंसं आता वाटत नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. कडा जवळ आलं की जीभ वळवळते. मग मी खंडेरायाचं नाव घेतो आणि गप्प बसतो. माझ्यासारख्याला गप्प बसवलं, याहून त्याची मोठी कृपा मी पाहिलेली नाही.