चौथा म्हणून उचललेला दगड

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण वाचून झाल्यावर हसणाऱ्यांपैकी आहे. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची... 'आपोआप झालं' असं कोणी म्हणालं, की आधी त्या माणसावरच संशय घ्यायची सवय. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण सोहमने लिही म्हटलंय, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी आणि माझा नवरा अनिरुद्ध इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. दोघांनाही बाइकचं वेड. सोहम हा अनिरुद्धचा चुलतभाऊ — जन्म बर्मिंगहॅमचा, मराठी मोडकंतोडकं, काका-काकूंचा एकुलता एक. यंदा आम्ही तिघांनी दक्षिण स्पेनला जायचं ठरवलं होतं. पोर्ट्समथहून फेरीबोट, मग खाली अंदालुसियापर्यंत, आणि तिथून डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या खडीच्या वाटा. काकूंचा साफ विरोध होता. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "काकू, मी सगळ्यात मागे असेन. सोहम पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर राहील." तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या.

मग आमचे सगळे रविवार डायनिंग टेबलवर जाऊ लागले. नकाशे, टायर कुठले घ्यायचे, तंबू कोणाच्या बाइकवर, पंक्चरचं सामान कोणाकडे... अशाच एका रविवारी सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"कोण कोण जाताय?"

"आम्ही तिघंच, आई," मी म्हटलं.

"तिघांनी मिळून निघू नये गं. चौथी म्हणून एक सुपारी तरी घ्या बरोबर. घरातली घ्या."

अनिरुद्धने "हो हो" म्हणून विषय संपवला. सोहमला मात्र ही कल्पना भलतीच आवडली. चौथ्याला तंबूत जागा कुठे द्यायची, यावर तो संध्याकाळभर बडबडत होता.

स्पेनच्या आधी सराव हवा म्हणून मे महिन्यात आम्ही वेल्समधल्या एका जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर गेलो. तिथे बाइक सुरू करण्याआधी सोहमने खिसे चाचपले.

"वहिनी, सुपारी घरी राहिला. हा दगड चालेल? He's our number four."

रस्त्याच्या कडेचा साधा, चपटा, करडा दगड. मी म्हटलं, "चालेल की. लायसन्स आहे का विचार त्याला." तिघंही हसलो. त्याने दगड नारिंगी जॅकेटच्या खिशात टाकला.

आमचा नियम असा — प्रत्येकाने आरशात मागच्याचा लाइट बघत राहायचं, आणि तो दिसेनासा झाला की थांबायचं. पुढे अनिरुद्ध, मध्ये सोहम, शेवटी मी. लख्ख ऊन होतं. भर दुपार होती, हे मुद्दाम सांगतेय.

एका वळणावर मी थांबले. खडीत चाक घसरल्यासारखी खूण दिसली म्हणून. उजवीकडे उतार होता आणि उतारावर कमरेएवढं नेच्याचं रान. मी खाली वाकून नीट बघितलं. काहीच नव्हतं. समोर बघितलं तर पुढच्या वळणावर सोहम पाठमोरा उभा... तेच नारिंगी जॅकेट, हात वर करून मला बोलावत होता. तरी आम्हा तिघांच्या हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर विचारलं, "सोहम, ठीक ना?"

"हं," उत्तर आलं.

मी निघाले. त्यानंतर बराच वेळ तो माझ्या पुढेच होता. त्याच्या चाकाची धूळ माझ्या हेल्मेटच्या काचेवर बसत होती आणि मी ती हाताने पुसत होते.

पुढे एका फाटकाशी अनिरुद्ध थांबला होता. मी शेवटचं वळण घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तो माझ्या मागे बघत होता.

"सोहम कुठेय?"

"कुठेय म्हणजे? माझ्या पुढे होता."

"मुक्ता, आत्ता आरशात माझ्या मागे दोन लाइट होते, त्याचा आणि तुझा."

शेवटच्या वळणापासून फाटकापर्यंत एकच वाट. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, वळायला कुठेही जागा नाही. आम्ही त्याला हाका मारत उलटे निघालो. इंटरकॉमवर आता कोणीच बोलत नव्हतं.

तो मी थांबले होते त्याच वळणाखाली सापडला. नेच्यात, बाइक पायावर. पाय मोडला होता, चेहरा पांढराफटक. मी त्याचा हात धरला, तर त्याने तो सोडवून घेतला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

बोलला तो दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलमध्ये.

"वहिनी, मी ओरडत होतो. तू वरती थांबला. You looked right at me. मग तू गेला."

"सोहम, तू पुढे उभा होतास रे. मी विचारलं, तू 'हं' म्हणालास..."

"I was screaming, वहिनी. I never said हं."

अनिरुद्ध खुर्चीत ताठ झाला. तो "हं" त्यानेही ऐकला होता.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "घरातली सुपारी म्हटलं होतं मी. तिथलं कोण उचलून घेतलंत बरोबर?"

सोहमच्या खिशात दगड नव्हता. पडताना पडला असेल, त्यात नवल काही नाही. बाकीचंही तुम्ही सांगाल — ऊन, धूळ, थकवा, इंटरकॉमचा बिघाड. मी स्वतःला हे सगळं सांगून झालंय. पण अनिरुद्धने पाहिलेला लाइट आणि मी पाहिलेली पाठ, दोघांचे भास एकाच जागी कसे होतील? स्पेन अर्थातच रद्द केलं. काकूंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

सोहम आता काठी घेऊन चालतो. आमच्याकडे येतो, गप्पा मारतो, पूर्वीसारखाच चिडवतो. बाहेर पडलो आणि तो माझ्या पुढे चालत असला, की मी त्याला हाक मारते. नुसती पाठ बघून आता माझा विश्वास बसत नाही. तो "काय वहिनी?" म्हणतो आणि थांबतो.

आणि खरं सांगते, तो वळायला लागला की मी डोळे मिटून घेते.