दत्ताने न विकलेलं नाव

दत्ता गेल्याचं मला ऑर्डरीतून कळलं. गेवराईत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं तर त्याच्या थोरल्या भावाचा, उत्तमरावांचा मेसेज… दत्ताचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि वर सूचना, की शोकाकुल म्हणून माझा फोटो जरा मोठा घ्या. पहाटे छातीत कळ येऊन माणूस गेला होता आणि भाऊ साइज सांगत होता. मी छापून दिलं. रडलो नंतर.

दत्ताबद्दल गोड लिहिणं मला जमणार नाही. तोही कधी कुणाबद्दल गोड बोलला नाही. उमापूरचा हा पदवीधर रोज माझ्या दुकानात येऊन बसायचा, चहा माझा प्यायचा आणि छापायला आलेल्या फ्लेक्सवरची नावं वाचायचा. ‘भावी आमदार’, ‘भावी सभापती’… फ्लेक्स चौकात लागायच्या आत त्या नावाची वेबसाइट दत्ताने मोबाइलवरून स्वतःकडे नोंदवलेली असायची. निवडणूक जवळ आली की भावी साहेबांना जाग यायची. मग दत्ता त्यांचंच नाव त्यांना विकायचा, आणि साहेबांनी मस्ती दाखवली तर त्यांच्या भावकीतल्या विरोधकाला. स्वतःचं नाव टाकल्यावर चुलतभावाचा हसरा फोटो उघडलेला पाहून एक जण तर माझ्या दुकानात येऊन दत्ताची गचांडी धरून गेला. दत्ता कॉलर नीट करत चहा पीत राहिला.

“नाव काय सातबारा हाय का बे, बापाचा पोराला जायला?” तो मला समजावायचा. “वर्षाचं भाडं असतंय. भाडं थकलं की थोडे दिवस तुझ्यासाठी राखून ठेवतेत, मग दंड लावतेत, मग सोडतेत बाजारात. मी तितंच बसलेला असतो.” मोठ्या लोकांच्या साइट भाच्याच्या नाहीतर पीएच्या मोबाइलवर नोंदवलेल्या असतात आणि भाचा रुसला की मुदतीची सूचना मालकाला पोचतच नाही, यावर तो लई हसायचा. उत्तमरावही कधीमधी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकायचे.

विकायचं नाही असं त्याच्याकडे एकच नाव होतं, बायकोचं. संगीता वहिनी बाजरीच्या खारोड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले सांडगे, करून विकतात. दत्ताने त्यांच्या नावाची साइट काढली आणि थेट पुण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. पोरींची शाळा त्यावरच चालायची, कारण दत्ताची कमाई पुढची नावं घेण्यात जायची. मी एकदा म्हणालो, ही तरी वहिनींच्या मोबाइलवर नोंदव. तर म्हणाला, “बाईमाणसाला कशाला ताप? माझ्या सिमवर हाय न्हवं.” दुसऱ्याच्या मूर्खपणावर पोट भरणारा माणूस घरात तोच मूर्खपणा करून ठेवत होता. आठवलं की आजही मला त्याचा राग येतो… आणि राग यायला तो समोर नाही, याचा जास्त येतो.

दहाव्याला कावळा शिवला आणि उत्तमरावांनी दत्ताचं सिम बंद करून टाकलं. मेलेल्याचा फोन घरात वाजत राहिला तर जीव घुटमळतो, म्हणाले. घरातल्यांना पटलं. वहिनींच्या साइटचं भाडं भरायची तारीख जवळ आली होती. सूचना त्या बंद नंबरवर आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसलेल्या मेलवर जात राहिल्या. मुदत संपली, साइट बंद पडली, ऑर्डरी थांबल्या. वहिनी माझ्याकडे आल्या. आम्ही नोंदणीवाल्यांना फोन केले, मृत्यूचा दाखला पाठवला. ते म्हणायचे, नोंदलेल्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा. कुठून आणायचा तो… स्मशानातून? राखीव दिवस गेले, दंडाचे गेले, नाव बाजारात आलं आणि लगेच कुणीतरी उचललं.

परवा वहिनी दुकानात बसल्या होत्या आणि मी सहज नाव टाकून पाहिलं, तर साइट उघडली. तेच नाव, खारोड्या वाळत घालतानाचा वहिनींचा तोच फोटो. फक्त फोन नंबर नवा होता. मी तो लावला आणि स्पीकर सुरू केला.

“हां, संगीता बोलते. किती पाकिटं देऊ?”

आवाज वहिनींच्या थोरल्या जावेचा होता, उत्तमरावांच्या बायकोचा. माझ्या तोंडात शिवी आली होती. वहिनींनी हातानंच मला गप्प केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “द्या ऑर्डर, भाऊजी. बगू तर खरं, माज्या हातच्या कशा लागतेत.”