लाल डोक्याचा स्क्रू

माझे धाकटे दीर जुने भारी सीडी प्लेअर दुरुस्त करतात. भारी म्हणजे किमतीनेही आणि वजनानेही. आमच्या ह्यांची कंबर धरलेली, म्हणून प्लेअरचं दुसरं टोक उचलायला घरात मी एकटी उरते. या घरात येऊन हमाली करायची आहे हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी लग्नाआधी व्यायाम केला असता.

भाऊजी माणूस सोन्यासारखा, पण माणसांपुढे दातखीळ बसते. यंत्राशी मात्र गप्पांना खळ नाही. ट्रे बाहेर येऊन अडकला की "जीभ आत घे बघू, शहाणी ना तू," म्हणून चुचकारतात, पट्टा बदलतात, भिंग पुसतात. मग अख्खी तबकडी डोळे मिटून ऐकतात. मालकानेही शेजारी बसून ऐकायची, त्याशिवाय प्लेअर घराबाहेर जात नाही. तेवढा वेळ कुकरची शिट्टीही वाजता कामा नये. एकदा ह्यांना शिंक आली, तर बिचारे उशीत तोंड खुपसून शिंकले.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, एकट्या, हसऱ्या. वडिलांचा प्लेअर अडखळतो म्हणाल्या. तो बरा झाला, बाईंनी शेजारी बसून तबकडी ऐकली, आणि म्हणाल्या, "उद्या दुसरी ऐकू या का? खात्री केलेली बरी." मग तिसरी ऐकली, चौथी ऐकली. भाऊजी इस्त्रीचे शर्ट घालू लागले. मी काय दूधखुळी आहे?

"बोला की त्यांच्याशी," मी म्हटलं.

"ही तबकडी संपू दे, वहिनी."

घरातल्या तबकड्या संपल्या, पण भाऊजींचं तोंड काही उघडलं नाही. एकदा प्लेअर गेला की बाईंना यायला कारणच उरणार नव्हतं. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी आम्ही दोघांनी प्लेअर बाईंच्या घरी नेला. खाली दवाखाना, वर घर, आणि मधे जिना कसला, शिडीच ती. असे प्लेअर हलवताना आतलं भिंग हिंदकळू नये म्हणून खालून एक लाल डोक्याचा स्क्रू पिळतात. जागेवर ठेवला की तो काढायचा, नाहीतर तबकडी फिरतच नाही. काढलेला स्क्रू भाऊजी न चुकता चिकटपट्टीने प्लेअरच्या पाठीला लावतात. त्या दिवशी मात्र बाईंकडे बघत तो त्यांनी खिशात टाकला. शर्ट धुवायला घेतला तेव्हा माझ्या हाती लागला.

"बघा, देवाने निमित्त दिलं," मी म्हटलं. "जा आणि देऊन या."

"जातो उद्या," म्हणाले. मग तो स्क्रू रोज नव्या शर्टाच्या खिशात जाऊ लागला, आणि उद्या काही उजाडेना.

एके दिवशी बाईंचाच फोन आला. प्लेअर मुका झाला होता. भाऊजींचा चेहरा उतरला. आपल्या हातचं काम बिघडलं, तेही बाईंकडे! प्लेअर परत आणावा लागेल म्हणून मला घेऊन निघाले. मी वाटभर माझ्या गुडघ्यांची समजूत घालत होते.

बाई शांत उभ्या होत्या. भाऊजींनी प्लेअर तिरका केला, खाली वाकून पाहिलं आणि तसेच राहिले. भोकात स्क्रू होता. त्यांनी चटकन खिसा चाचपला. लाल डोक्याचा खिशातच होता. हा साध्या पांढऱ्या डोक्याचा होता, पण मापाने अगदी चपखल.

"हा कुठून आला?" त्यांनी विचारलं.

"चार दुकानं पालथी घातली," बाई म्हणाल्या. "तुमचा मिळेना. तुम्ही घेऊन गेलात."

"पण हा बसवला की प्लेअर बंद पडतो."

"तुम्हीच तर सांगितलं होतंत."

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी पांढरा स्क्रू काढला आणि लाल त्याच्याशेजारी ठेवला. मग ट्रेमध्ये तबकडी घातली, पण बटण दाबलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मला जरा बोलायचंय."

मी तो मेला जिना अक्षरशः पळत उतरले आणि खाली दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या अनोळखी आजोबांना सांगून टाकलं, आमचे भाऊजी बोलले.