रिपीटरचा कोपरा

मनतशा भिंतीकडे तोंड करून बसली होती. सहा वर्षांची पोर, एरवी एका जागी टिकेल तर शपथ! मला वाटलं, कुणी मारलं असेल. मी जवळ जाणार तोच खेळणाऱ्या पोरांतून जीशान ओरडला, "चाची, तिच्याशी बोलू नका! ती रिपीटर हाय!"

मी होते तिथेच थांबले.

लातुरात आमच्या गल्लीत घरोघरी पोरं खोल्या घेऊन राहतात. जळकोटची, मुदखेडची, कुठकुठची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. ज्यांना त्याची प्रवेश परीक्षा जमत नाही ती पुन्हा वर्षभर क्लासला बसतात, त्यांना रिपीटर म्हणतात. हे सगळं आमची शेंबडी पोरं खिडक्यांतून बघत होती आणि त्यांनी त्याचा खेळ केला होता! पकडापकडीत आऊट झाला की रिपीटर. त्याने कोपऱ्यात बसायचं, हसायचं नाही, कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. उभा जन्म अंगणवाडीत काढला मी, पण असला खेळ कधी बघितला नव्हता.

आणि माझ्या शेजारी मंजुश्री उभी होती. दोनदा परीक्षा देऊन दोनदा राहिलेली.

आडतवाल्या वीरण्णांची ही एकुलती एक लेक. निकालापासून खोलीबाहेर पडेना, म्हणून तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली होती. "चाची, रविवारी पोरं सांभाळायला हिला न्या. लेकरांत जरा मन रमंल." दर रविवारी मी समाजमंदिराच्या ओट्यावर पोरं जमवते. गाणी, चित्रं, धांगडधिंगा. मदतीला हात हवेच होते. पण हिचा पहिलाच रविवार आणि हे पुढ्यात! जीशानचा असा राग आला की कान उपटावेसे वाटले.

मंजुश्री जीशानकडे वळली. तिने विचारलं, "मग सुटायचं कसं रे?"

"सुटत न्हाई," तो सहज म्हणाला. "पुढच्या डावाला परत बसायचं."

ती कोपऱ्यात गेली आणि मनतशाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली. जराशाने ती वळली. "आजपासून नवा नियम. कुणी येऊन 'जेवलीस का' विचारलं की रिपीटर सुटला."

"बस्स, एवढंच?" जीशानने विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. घरी जाताना तिने सांगितलं, निकाल लागल्यापासून अप्पा, म्हणजे वीरण्णा, तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. एका घरात राहून?

मला वाटलं, ही काही परत येत नाही. पण ती दर रविवारी येत राहिली. अक्षर दिसलं की पळणाऱ्या जीशानला तिने दुकानांच्या पाट्या वाचायला लावत गल्लीभर फिरवला. एकदा म्हणाली, "चाची, मी पुन्हा परीक्षेला बसणार न्हाई. मला ह्या पोरांतच राहायचंय. नांदेडला लहान मुलांना शिकवायचा कोर्स हाय. पण अप्पांना सांगू कशी? ते बोलतच न्हाईत."

पुढच्याच रविवारी वीरण्णा ओट्यावर हजर. मंजुश्री नेमकी आऊट होऊन कोपऱ्यात बसलेली. तिच्याकडे न बघता ते मला म्हणाले, "रईसाबी, हिला घरी पाठवा. उद्यापासून क्लासची नवी बॅच सुरू होणार हाय."

जीशानने त्यांची बाही धरली. "काका, ती अशी सुटत न्हाई. ती रिपीटर हाय."

"काय हाय?"

"रिपीटर. तिच्याशी बोलायचं नसतं. सोडवायचं असंल तर 'जेवलीस का' विचारावं लागतं."

वीरण्णा भिंतीकडे वळलेली लेकीची पाठ बघत राहिले. "पोरं हे कुठून शिकली?" त्यांनी मला विचारलं.

"आपल्याच घरांतून," मी फटकन बोलले.

त्यांनी दोनदा घसा खाकरला. "मंजू... जेवलीस का?"

ती वळली. "न्हाई, अप्पा. आणि मी उद्या बॅचला जाणार न्हाई. मला नांदेडला जायचंय. पोरांना शिकवायचं शिकायला."

माणूस तसा तापट.

वीरण्णा मटकन ओट्यावर बसले. माझा जेवणाचा डबा पुढे ओढून त्यातली भाकरी त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"आधी जेव," ते म्हणाले. "मग नांदेडचं सांग."