फाट्यापासून दीड कोस

मायला अकोल्याहून गावी न्यायचं आणि त्याच दिवशी परत आणायचं, एवढंच काम होतं. ते मी दोन वर्षं पुढे ढकललं. कधी पाऊस, कधी तिचा खोकला, कधी माझा हंगाम. मी सरकीच्या तेलाच्या कारखान्यात कारकून होतो, आणि कापूस यायला लागला की आम्हाला सुट्टी फक्त रविवारची. कारणांच्या बाबतीत मी गर्भश्रीमंत होतो.

तिला गावी जायचं होतं ते कुणाला भेटायला नाही. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती, ती अकराव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नावही नाही. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ तिला कापडात गुंडाळून शेतात घेऊन गेले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका कडुलिंबाखाली ठेवून आले. माय तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत पडून. बायका तशाही तिकडे जात नाहीत. पुढच्या वर्षी मी पोटात आलो आणि तिच्या सासूनं बजावलं, तिकडे पाहायचंसुद्धा नाही, येणाऱ्या लेकराला बाधतं. मी झालो, अंगावर पीत होतो, तेव्हाही तेच. मी चार वर्षांचा असताना बाबांना अकोल्यात काम मिळालं आणि गाव सुटलं. म्हणजे ती जागा मायनं कधी पाहिली नाही, ती माझ्यापायी.

बाबा गेले. आता ते झाड ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता, माझे काका. तेही थकलेले. एक दिवस भाकरी थापता थापता माय म्हणाली, “भाऊजी हायेत तोवर मले ते झाड दाखवून आन. मंग मी काई मांगनार नाई.”

तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

तर मी बेत आखायला बसलो. बेत आखण्यात माझा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता, निदान मला तसं वाटायचं. आमच्यासारख्यांकडे मोटार कुठली! सर्व्हिस मोटारीच्या भरवशावर जायचं होतं. दोन संध्याकाळी मोटार स्टँडवर जाऊन मी वेळा लिहून आणल्या. अकोल्याहून सकाळी सहाला पहिली मोटार. पातूर, मालेगाव करत साडेनऊला वाशीम. सव्वादहाला रिसोडची मोटार, ती रिठदच्या अलीकडे आमच्या फाट्यावर सव्वाअकराला सोडणार. फाट्यापासून गाव दीड कोस. तिथे काका बैलगाडी घेऊन उभे. साडेबाराला गाव, एकाला शेत, अडीचला परत निघायचं. चारला रिसोडहून येणारी मोटार फाट्यावर धरायची, साडेपाचला वाशीमहून अकोल्याची शेवटची. सोमवारी सकाळी मी कामावर. कागदावर असं मस्त बसलं होतं की मी तो कागद दोन मित्रांना दाखवलाही.

बैलगाडी हवीच होती. मायच्या छातीला नळी लावून डॉक्टर म्हणाले होते, जिनेसुद्धा चढू नका. मी काकांना पोस्टकार्ड टाकलं, अमुक तारखेला, रविवारी, गाडी घेऊन फाट्यावर यावे. आणि मायला तारीख सांगितली.

तिनं हातातलं काम थांबवलं. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत काहीतरी मोजलं. मला वाटलं किती दिवस राहिले ते मोजतेय. मग म्हणाली, “बरं.”

पौषातली थंडी होती. त्या दिवशी ती माझ्या आधी उठून, न्हाऊन, लुगडं नेसून तयार होती. बरोबर एक लहान गाठोडं. मोटारीत ते तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवलं. पातूरच्या घाटात तिला मळमळलं तरी सोडलं नाही. “काय हाय त्यात?” मी विचारलं. तिनं गाठ सोडून दाखवलं. जुन्या लुगड्याच्या काठाचं झबलं आणि टोपडं. नवं शिवलेलं. “बारशाले घालाचं राह्यलं होतं,” ती म्हणाली आणि गाठ पुन्हा बांधली.

मी बाहेर बघत बसलो.

मोटारी त्या दिवशी माझ्या कागदासारख्या धावल्या. सव्वाअकराला आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली. काका बाभळीखाली उभे होते. काठी, मुंडासं, पायात वहाणा. गाडी नव्हती.

“गाडी कुठी हाय?” मी नमस्कार करायच्या आधी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही विसरलोय. “आज अमावस हाय ना बापा. बैल कसे जुपाचे?”

आमच्या गावी अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. नांगर नाही, गाडी नाही, काही नाही. त्या दिवशी बैल नुसता उभा राहतो, चरतो, बसतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चार वर्षांचा असेपर्यंत मी त्याच गोठ्यात खेळलो होतो, आणि नंतरही दरवर्षी उन्हाळ्यात बाबांबरोबर जात होतो, माय तेवढी घरी राहायची. पण अकोल्यात मी रविवार पाहायला शिकलो होतो, तिथी नाही. शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय!

मी चिडलो. म्हणालो, एका म्हातारीसाठी एक दिवस जुंपले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? पत्र मिळालं तर कळवायचं नाही?

काका चिडले नाहीत. “पत्र परवा आलं. मास्तरानं वाचून दाखोलं. कळवतो कवा? अन् बैलाचं म्हनशीन, तर तो बोलत नाई म्हनून त्याचा दिवस खाऊन टाकाव का? महिन्यातून येक दिवस त्याचा हाय.” मग मायकडे वळून म्हणाले, “वयनी, तुमी इथंच बसा सावलीत. मी गावातून बाज आनतो. चौघं जनं उचलून नेऊ तुमाले.”

“मेल्यावर नेजा चौघं,” माय म्हणाली. “आज मी पायानंच चालीन.” आणि ती चालायला लागलीसुद्धा.

तिचं चालणं मला अजून दिसतं. वीस-पंचवीस पावलं, मग थांबणं. उजवा हात छातीवर, डाव्यात गाठोडं. मी ते घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही. दोन्हीकडे ज्वारी उभी, कापसाची बोंडं फुटलेली, आणि कुठेही औत नाही, गाडी नाही. एका शेतात दोन बैल मोकळे चरत होते. त्यांच्याकडे बघून माझा संताप उसळला. बिचाऱ्यांचा काय दोष! तिला श्वास लागला की ती म्हणायची, “थांब जरा,” आणि मी घड्याळ बघायचो. काका पुढे जाऊन दर वळणावर आमची वाट पाहत उभे राहायचे.

दीड वाजता आम्ही नाल्याशी आलो. वाटेचे तीनातले दोन हिस्से सरले होते, एक उरला होता. माय नाल्याच्या काठावर दगडावर बसली. तिचे ओठ निळसर झाले होते.

मी मनात वेळेचा हिशेब लावला. गावात न शिरता परस्पर शेतापर्यंत एक तास. तिथून परत फाट्यावर यायला तीन तास. चारची मोटार मिळणार नाही. आत्ता वळलो तरच मिळेल.

काका म्हणाले, “आज गावात राहा. उद्या पाहाटी अमावस सरते. मी गाडी जुपतो, वयनीले शेतात नेतो अन् फाट्यावर सोडतो. कायले घाई करून राह्यला?”

किती साधं होतं! आज लिहितानाही हात थांबतो. एक दिवस गेलो नसतो तर मालक ओरडला असता, याहून जास्त काही झालं नसतं. पण माझ्या कागदावर मुक्काम नव्हता. आणि काकांच्या अमावस्येपुढे मला हार मानायची नव्हती, हेही खरं. मी म्हणालो, “नाही जमणार. सोमवारी हजर राहिलंच पाहिजे. माय, तुला पुढे चालवणार पण नाही. आपण पुन्हा येऊ.”

तिच्या तब्येतीचं कारण मी असं पुढे केलं, आणि ते खोटंही नव्हतं, हीच त्यातली लबाडी.

 मायनं काकांना विचारलं, “इथून दिसते का?”

काकांनी काठीनं दाखवलं. “तो पयस दिसते ना, त्याच्या मांगं लिंब हाय. लिंब इथून नाई दिसत.”

ती त्या पळसाकडे बराच वेळ पाहत राहिली. काकांनी हात पुढे केला. “वयनी, ते द्या माह्यापाशी. मी नेऊन ठेवतो.”

“नाई भाऊजी. ते मीच ठेवीन.” तिनं गाठोडं पदराखाली घेतलं आणि उठली.

ते झबलं-टोपडं पुढे आषाढात मी तिच्याबरोबरच दिलं. पुन्हा येऊ म्हणालो होतो, ते येणं झालं नाही. काकाही त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. नंतर मी एकटा जाऊन आलो. पळसामागे धुऱ्यावर लिंबाची तीन झाडं आहेत. त्यातलं कोणतं, ते सांगणारं आता कुणी नाही. मी तिन्ही झाडांखाली थोडा थोडा वेळ बसलो.

पण त्या दिवसाचं सांगणं अजून संपलेलं नाही.

आम्ही पावणेचारला फाट्यावर पोहोचलो. काका माघारी गेले. चार वाजले. साडेचार झाले, पाच झाले. मोटार आली नाही. रिसोडकडून येणारा एक सायकलवाला म्हणाला, “मोटार तिकडंच बिघडली, करून राह्यले दुरुस्त.” ती आली साडेपाचनंतर. वाशीमला पोहोचलो तेव्हा अकोल्याची शेवटची मोटार निघून गेली होती. सोमवारी मी कामावर गेलो तो दुपारी. मालकानं मान वर करून पाहिलंही नाही.

मोटारीची वाट पाहत दीड तासाहून जास्त वेळ आम्ही त्या बाभळीखाली नुसते बसून होतो. तेवढ्या वेळात काय झालं असतं, हे दोघांनाही कळत होतं. मला राहवेना. मी म्हणालो, “पुढच्या वेळी तिथी पाहून येऊ. मला सांगायचं तरी, आज अमावस्या आहे म्हणून. तुला तर सगळ्या तिथी पाठ.”

“मालूम होतं मले,” ती म्हणाली. “तू तारीख सांगतली तवाच मोजलं होतं.”

“मग काहून नाई सांगतलं?” माझ्याही तोंडून गावची बोली निघाली.

“सांगतलं असतं तर तू अजून येकदा पुढं ढकललं असतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “म्हटलं, गाडी नसन तर चालत जाईन. तेवढं चाललंही असतं माह्यानं.”

  मी रिसोडच्या रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो, मोटारीची धूळ कुठे दिसते का बघत. माय माझ्याकडे पाठ करून बसली होती, गावाच्या वाटेकडे तोंड करून. ऊन उतरत होतं. ती एकदाही वळली नाही.

शेवटी मोटारीचा आवाज माझ्याआधी तिलाच ऐकू आला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदराखालचं गाठोडं चाचपलं, आणि त्या वाटेवरची नजर न काढता मला म्हणाली, “चाल, आली तुही मोटार.”